तटस्थ कणशलाका : एका तापनयोजनेचे परीक्षण

ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेच्या अध्यक्षपदावरून डॉ. होमी भाभा यांनी असे भाकीत केले की, संमीलनऊर्जा नियंत्रितपणे मुक्त करण्याची रीत दोन दशकांत सापडेल. ती मुदत केव्हाच उलटली. या विलंबाची मीमांसा करू जाता तापनयंत्रणेच्या अडचणींचा विचार अपरिहार्य ठरतो.

हुपरीचा कारागीर चांदी मुशीत सुमारे ९६२ अंशांस वितळवितो व डाख लावताना फुंकणीने ज्योत नेमकी सांध्यावर नेतो. संमीलनास मुशीचा दृष्टांत लागू पडत नाही. कारण १५ कोटी अंशांच्या आयनद्रायूस धरील असे भांडे नाही, त्यास चुंबकक्षेत्रच आवरते. फुंकणीचा दृष्टांत अधिक सार्थ होय. तथापि ते चुंबकीय कुंपण बाहेरून येणाऱ्या विद्युत्‌भारित कणांसही अडविते. म्हणून आयन प्रथम प्रवेगित करावयाचे, मग वायूतून नेऊन तटस्थ करावयाचे, आणि आत शिरल्यावर ते पुन्हा आयनित होऊन टकरींद्वारा ऊर्जा देतील अशी योजना असते.

आयनद्रायूचे आकारमान वाढले की गाभ्यापर्यंत पोचण्यास शलाकेची ऊर्जाही वाढवावी लागते. फ्रान्समधील ‘ईटर’ प्रकल्पासाठी ती १० लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ठरविली आहे. या ऊर्जेस धन आयन जवळजवळ तटस्थ होत नाहीत. म्हणून ऋण आयनांचा अवलंब करण्यात आला. त्यांचा जादा इलेक्ट्रॉन केवळ ०·७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेला असल्याने सहज सुटतो. परंतु हाच गुण दोषही ठरतो. कारण प्रवेगकातील उरल्यासुरल्या वायूशी टक्कर होऊनही तो अवेळी सुटतो.

या योजनेची खरी कसोटी हिशेबात लागते. ४० अँपिअरची शलाका १० लक्ष व्होल्टने प्रवेगित केली असता ४० मेगावॉट शक्ती होते. पैकी आयनद्रायूत पोचावयाची ती सुमारे १६·५. वायूतील तटस्थीकरणच जेमतेम ६० टक्के होते; उरलेले आयन वेगळे वळवून थंड पृष्ठांवर जिरवावे लागतात. प्रायोगिक भट्टीस हा व्यय क्षम्य आहे. वीजकेंद्रास नाही, कारण तेथे तापनास लागणारी वीज उत्पन्नातूनच वजा व्हावयाची.

‘ईटर’साठी निदानशलाका देण्याचे दायित्व भारताकडे आहे. तिची ऊर्जा १ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असून हेतू तापनाचा नव्हे, तर हेलियमच्या राखेच्या मापनाचा आहे. तरीही ऋण आयनांच्या उगमाचे प्रश्न तिलाही चुकत नाहीत. सारांश, शलाकेच्या शक्तीचा आकडा पाहून योजनेची थोरवी ठरविणे युक्त नव्हे. खर्ची पडलेल्या विजेपैकी किती गाभ्यात पोचली, हाच तिचा खरा निकष होय.