राजगुरूचा डोळा आणि उसातला अंधार

'पुराना मंदिर' मी पहिल्यांदा पाहिला तो माघातल्या थंडीत, चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत, तंबूत. अंगावर घोंगडं, बुडाखाली गारठलेली माती. पडद्यासमोर जागा उरली नव्हती म्हणून आम्ही पोरं पडद्यामागं बसलो होतो. त्यामुळं सगळी पात्रं डावखुरी दिसत होती आणि पाट्यांवरची अक्षरं उलटी. विजापूरच्या राज्यात दोनशे वर्षांपूर्वी हरिमानसिंग नावाचा राजा होता, असं कथेत आलं तसा शेजारचा म्हातारा खुशीत येऊन म्हणाला, "विजापूर म्हंजे आपलंच की!"

त्याचं बरोबर होतं. चिकोडी, रायबाग, हुक्केरी हा आमचा सगळा मुलूख १६८६ पर्यंत आदिलशाहीतलाच. चित्रपट आला १९८४ मध्ये. तिथून दोनशे वर्षं मागं गेलं तर विजापूरची सल्तनत बुडून शंभर वर्षं होत आलेली. तो काढणाऱ्या रामसे बंधूंना या हिशेबाचं सोयरसुतक नव्हतं. त्यांना एक राजा, एक पडका वाडा, एक तळघर आणि धूर सोडणारं यंत्र हवं होतं. १९७२ च्या 'दो गज जमीन के नीचे' पासून त्यांचा हा बेत ठरलेला. सगळं घरदार गाडीत घालून महाबळेश्वर गाठायचं, विश्रामगृहात मुक्काम टाकायचा, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी आवाज, बायकांनी स्वयंपाक. तो चित्रपट चाळीस दिवसांत आणि साडेतीन लाखांत उरकला असं सांगतात. स्वस्ताईची मी टिंगल करत नाही. तुलसी आणि श्याम रामसेंनी निळ्या-तांबड्या दिव्यांत जे वातावरण उभं केलं, ते आज कोट्यवधींच्या संगणकी धुरातही सापडत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती त्या म्हाताऱ्याच्या खुशीपाशीच सुरू होते. आपला म्हणून ज्या राजाला आम्ही मान डोलावली, त्यानं केलं काय? काळ्या पहाडीतला सैतान सामरी त्याच्या मुलीला धरतो. राजा सामरीला पकडतो, त्याचं मुंडकं उडवतो, मुंडकं पेटीत घालून वाड्यात ठेवतो आणि धड देवळामागं पुरतो. मरताना सामरी शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. पुढची सगळी गोष्ट या घराण्याचा जीव वाचवण्याची. सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल व्यवसायानं इंजिनिअर होता, आणि नुसत्या उंचीवर त्यानं एका पिढीची झोप उडवली. पण तो कुठून आला, डोंगरात एकटा का राहतो, राजाचं न्यायासन बिनचूक कसं, हे चित्रपट विचारतच नाही. वाडा बिचारा, देऊळ तारणारं आणि सैतान रानातला. बंडाला इथं जागाच नाही. ज्याच्याविरुद्ध बंड करायचं तोच पीडित ठरलाय.

आता बरोबर पन्नास वर्षं मागं जाऊ. १९३४, 'अमृतमंथन'. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये निघाली कोल्हापुरात, म्हणजे आमच्या चिकोडीहून दीड तासावर. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि तिथल्या नव्या स्टुडिओत व्ही. शांतारामांनी पहिला चित्रपट केला तो हा. कथा नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरची. राजा क्रांतिवर्मा चंडिकेपुढचे बळी बंद करतो. देवीचा राजगुरू कट करून त्याचा खून पाडतो आणि खुनाचा आळ दुसऱ्यावर जातो. राजकन्या गादीवर बसते, पण तिच्या नावानं राज्य चालतं देवळाच्या तळघरातून. मराठीत राजगुरू झाले केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. शांताराम नुकतेच जर्मनी पाहून आले होते, ते प्रत्येक सावलीत कळतं. मशालीच्या उजेडात चेहरे अर्धे जळालेले, अर्धे विझलेले. आणि मग राजगुरूचा तो एक डोळा, अख्खा पडदाभर. दुरून जवळ आणणाऱ्या भिंगानं टिपलेला तो डोळा बघताना लोक खुर्चीत मागं सरकत असतील, यात मला शंका नाही.

त्या डोळ्यात मंत्र नाही की आग नाही. राजगुरूजवळ कुठलीच अमानवी शक्ती नाही. लोक त्याला भितात हीच त्याची सगळी सिद्धी, आणि शांतारामांनी ती एका भिंगात पकडली. इथं जुलमी माणूस आणि मांत्रिक एकच आहे. म्हणून त्याच्याविरुद्ध बंड होऊ शकतं, आणि होतं. शेवटी राजगुरू स्वतःच्या हातानं स्वतःचं मुंडकं देवीपुढं उतरवून ठेवतो.

दोन्ही चित्रपटांत मुंडकं उडतं, ते कोण उडवतो एवढंच बघा. १९३४ मध्ये सत्तेचा माणूस आपल्याच भयंकर श्रद्धेला बळी पडतो. १९८४ मध्ये सत्तेचा माणूस रानातल्याचं मुंडकं उडवतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मीही पडद्यामागून वाजवल्या होत्या.

मांत्रिकाचा विषय निघालाच आहे, तर इथं जरा शब्दांकडे वळतो. 'काळी जादू' हा आपला जुना शब्द नव्हे. आमच्याकडे मराठीत करणी म्हणतात, भानामती म्हणतात, मूठ मारली म्हणतात, जारण-मारण म्हणतात. घरात कानडी बोलणारा शेजारी माटा म्हणतो. दुसऱ्या बाजूला विद्या आहे, सिद्धी आहे, माया आहे. या शब्दांना रंग नाही. कुणी, कुणावर, कशासाठी यावर त्यांचं बरं-वाईट ठरतं. नवनाथांच्या पोथीवर वाढलेल्या या भागाला ते सांगावं लागत नाही. नाथ स्वतःच मंत्र टाकणारे, पाषाण हलवणारे, राजांची खोड मोडणारे. निपाणीजवळच्या अप्पाचीवाडीला हालसिद्धनाथाची भाकणूक आजही होते. पाऊसपाणी, धान्याचे भाव आणि राज्यकर्त्यांचं भविष्य एकाच दमात सांगितलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात छापून येतं. गूढ आणि राजकारण यांची ही सोयरीक इथल्या मातीतलीच.

प्रभातनं ती कोल्हापुरात असतानाच ओळखली होती. १९३२ चा 'माया मच्छिंद्र' बघा. स्त्रीराज्याची राणी किलोतला झालेल्या दुर्गा खोटे, बाजूला जिवंत चित्ता, मच्छिंद्रनाथाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे. गुरूच मायेत अडकलाय आणि शिष्य गोरखनाथ त्याला सोडवायला आलाय. चेल्यानं गुरूविरुद्ध केलेलं हे बंडच, फक्त ते प्रेमानं केलेलं. आणि भोवतालची सगळी जादूगिरी शेवटी गुरूनंच रचलेली निघते. आज कुणी हा विषय काढला तर राणीला चेटकीण करून मोकळा होईल.

मधल्या काळावर फार रेंगाळत नाही. भालजी पेंढारकरांनी कोल्हापुरात ऐतिहासिक चित्रपटाला घोडे, मावळे आणि बाणेदार भाषा दिली, पण त्यांचं जग मंत्रतंत्राचं नव्हतं. महेश कोठारेंनी १९९० च्या 'धडाकेबाज'मध्ये कवटीचा मुखवटा चढवून गावाला वेठीला धरणारा कवट्या महांकाळ आणला आणि त्याच्यासमोर बाटलीतला गंगाराम उभा केला. १९९३ च्या 'झपाटलेला'त तात्या विंचू बाहुल्यात शिरला. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज आणि दरारा दिलीप प्रभावळकरांचा, धांदल लक्ष्मीकांत बेर्ड्यांची. हे चित्रपट मला मनापासून आवडतात. नावावरूनच कळतं की कवट्या महांकाळ हा सांगलीकडच्या एका गावाच्या नावाची फिरकी आहे.  पण जुलमी आता फक्त गुंड झाला. त्याला हटवायला एक इन्स्पेक्टर पुरतो, गावानं उठायची गरज राहत नाही.

त्यानंतर मराठीत एक विचित्र वाटणी झाली. भाऊ वेगळे निघावेत तशी. जुलमी सुलतान आणि बंड ऐतिहासिक चित्रपटाच्या वाट्याला गेलं, करणी आणि भूत भयपटाच्या. दिग्पाल लांजेकरांच्या 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज' या चित्रपटांत खान गर्जतो, मावळे झुंजतात, आणि पहिल्या दृश्यापासून निकाल ठाऊक असतो. अफजलखानाची गोष्ट तर भयकथाच आहे. विजापूरला 'साठ कबर' म्हणतात त्या जागी गेलेल्या माणसाला ते सांगायला नको. मोहिमेवर निघण्याआधी त्यानं आपल्या त्रेसष्ट बायका मारल्या, कारण परत येणार नाहीस असं ज्योतिष्यानं सांगितलं होतं, अशी तिथली दंतकथा. भाकितावर विश्वास ठेवून घर संपवणारा सरदार! एवढा ऐवज समोर असताना आपले चित्रपट त्याला नुसते डोळे वटारायला लावतात. धाक आहे, भय नाही.

ही वाटणी मोडून दाखवली ती कानडीनं. आमच्या गावात दोन्ही भाषांचे चित्रपट लागतात, त्यामुळं तुलना टाळता येत नाही. ऋषभ शेट्टीच्या २०२२ च्या 'कांतारा'त राजानं दैवाच्या बदल्यात रानातल्या लोकांना दिलेली जमीन, ती परत हवी असलेला सावकार आणि अंगात येणारं दैवत, हे सगळं एकाच दाव्याला बांधलेलं आहे. २०२५ चा पुढचा भाग तर कदंबांच्या काळात जातो. जुलमी राजपुत्र, मंत्रतंत्र, रानातून उठलेलं बंड, सारं काही. पहिला भाग मला जास्त खरा वाटला. दुसऱ्यात पैसा इतका दिसतो की रान सजवलेलं वाटतं. तरी दोन्हींत गूढ शक्ती कुणाच्या बाजूनं आहे हे स्पष्ट आहे, आणि ती वाड्याच्या बाजूनं नाही.

मराठी माणसांनी हिंदीत केलेला 'तुंबाड' याच्या जवळ येतो. राही अनिल बर्वे यांनी वर्षानुवर्षं खऱ्या पावसाची वाट बघत तो चित्रित केला. २०१८ मध्ये तो आला तेव्हा त्याचं चीज झालं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमावून गेला. नारायण धारपांच्या कथेची सावली त्यावर आहे. तिथला वाडा, तिथला 'सरकार', गर्भगृहातला हस्तर, १९१८ ते १९४७ पर्यंत झिरपत जाणारी हाव, या सगळ्यात जुलमी कोण हे बोट दाखवून सांगता येत नाही, आणि ते मला पटतं. पण बंड म्हणाल तर एका पोराचा नकार एवढंच. चित्रपट म्हणून पूर्ण आहे, उत्तर म्हणून अर्धा.

मला ज्याच्यावर थांबावंसं वाटतं तो चित्रपट याहून कितीतरी स्वस्तातला आहे. विशाल फुरियांचा 'लपाछपी', २०१७. एक गरोदर बाई, एक घर, तुळसाबाई झालेल्या उषा नाईक आणि भोवती ऊस. बस्स. वाडा नाही, तळघर नाही, सुलतान नाही. चिकोडीच्या माणसाला उसाचं भय समजावून सांगायला नको. दहा-बारा महिन्यांचा ऊस डोक्याच्या वर जातो. आत शिरलं की वाऱ्याचा आवाज आणि माणसाचा आवाज यातला फरक कळत नाही, पात्यांनी हात कापतात, चार सऱ्या ओलांडल्या की बांध कुठल्या बाजूला राहिला हे सुचत नाही. रात्री पाणी पाजायला जाणारा गडी बॅटरी जमिनीकडं धरतो, समोर नाही. समोर धरली तर पाल्यावर उजेड सांडतो आणि पलीकडं जे आहे ते जास्तच काळं होतं. फुरियांच्या कॅमेऱ्याला हे कळलेलं आहे. आणि चित्रपट ज्या पापाभोवती फिरतो, मुलगी नको म्हणून गर्भात आणि जन्मताच मारलेल्या पोरी, ते काही कुण्या डोंगरातल्या सामरीचं नाही. ते घरातल्या वडीलधाऱ्यांचं आहे. इथं जुलमी राजा म्हणजे घर, मंत्र म्हणजे वंशाचा दिवा, आणि बंड करते ती बाई, पोटातलं मूल घेऊन. पुढं याचं हिंदीत 'छोरी' झालं. मला मूळचाच ऊस बरा वाटतो.

बाकीच्या अलीकडच्या भयपटांना एक चोरटेपणा लागलाय. महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. आमच्या कर्नाटकातला २०१७ चा. तेव्हापासून सुरुवातीला अंधश्रद्धेला खतपाणी घालण्याचा हेतू नसल्याची पाटी येते आणि पुढचे दोन तास खतपाणीच चालतं. हृषीकेश गुप्त्यांच्या २०२५ च्या 'जारण'नं मनाचं दुखणं आणि करणी यांच्यामधली वाट निदान प्रामाणिकपणे शोधली. इतरांना लिंबू, बिब्बा आणि किंकाळी पुरते. भय विकायचं, पण ते कुणाच्या फायद्याचं हे विचारायचं नाही. शांतारामांनी नव्वद वर्षांपूर्वी विचारलं होतं.

आणि निपाणीत एकदा त्याचं उत्तरही चित्रित झालं होतं. तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायका, नाकातोंडात जाणारी धूळ, मजुरीची कापाकापी, दिवाणजीची नजर आणि मग संघटना. 'युगांतर' या बंगळूरच्या बायकांच्या चित्रपटगटानं १९८२ मध्ये हा माहितीपट केला, नाव 'तंबाखू चाकीला ऊब आली'. दीपा धनराज त्या गटातल्या. लांबी सुमारे पंचवीस मिनिटं, काळापांढरा. वखारीतल्या बायकांनी त्यात आपली स्वतःचीच सोंगं केली आहेत. त्यात भूत नाही, करणी नाही. पण वखारीच्या अर्धवट उजेडात तोंडाला पदर लावून तंबाखू झोडणाऱ्या बायका दिसतात तेव्हा राजगुरूच्या तळघराची आठवण येते, आणि नंतर त्याच बायका रस्त्यावर येतात. आमच्या भागातली जी पोरं मोबाइलवर भयपट करायला निघालीत, उसात, पडक्या वाड्यात, जुन्या वखारींत, त्यांनी आधी ही पंचवीस मिनिटं बघावीत. निपाणी चिकोडीहून तासाभराच्या आत आहे.