वाडी ओस पडते तेव्हा : 'बनगरवाडी' पुन्हा वाचताना

शेणव्याला आमच्या खाचरांत दिवाळीनंतर, भातकापणी उरकली की धनगरांचा वाडा यायचा. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. घोड्यांवर संसार लादून मेंढ्यांबरोबर चालणारी चार-सहा कुटुंबं. वडील दोन-तीन रात्री मेंढ्या शेतात बसवून घेत. वाड्याला भात मिळे, जमिनीला लेंडीखत. सातवीत असताना मी त्यांच्यातल्या एका मावशींना विचारलं होतं, "सारखं फिरायचा कंटाळा नाही येत?" त्या म्हणाल्या, "आन् तुमाला पावसात हितं चिखलात ऱ्हायचा न्हाई येत?" कोकणातल्या पावसात मेंढीचे खूर कुजतात. म्हणून मृगाआधी वाडा घाट चढून देशावर परतायचा.

व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) मी इंजिनिअरिंगला असताना वाचली आणि भारावून गेलो. यंदा पुन्हा वाचली, तेव्हा मावशींचा तो प्रश्न मध्येमध्ये येत राहिला.

औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर राजाराम सौंदणीकर हा तरुण मास्तर येतो. हळूहळू तो वाडीचा होतो, तालीम बांधून घेतो. मग पाऊस दगा देतो, मेंढ्या मरतात, माणसं जगायला बाहेर पडतात आणि वाडी ओस पडते. माडगूळकरांची ताकद ही, की ते कुणाची कीव करत नाहीत. म्हातारा कारभारी मायाळू आहे तसाच हट्टीही आहे. चोरी करणारा आनंदा रामोशी आपल्याला आवडू लागतो आणि लेखक त्यासाठी एकही समर्थन देत नाही. वाक्यं आखूड, पण माळाचा उजेड त्यांतून स्वच्छ दिसतो.

माझी अडचण दृष्टीची आहे. सगळी कादंबरी मास्तरच्या डोळ्यांनी दिसते आणि मास्तरचं काम हजेरी घेण्याचं. शाळेला जागेवर असलेलं पोर मोजता येतं, वाटेवरचं येत नाही. त्यामुळे माणसं निघाली की गोष्टही संपते. ती कुठे गेली, कुणाच्या रानात मेंढ्या बसवल्या, वाटेत कोण जन्मलं, कोण गेलं, हे कळायला मार्ग उरत नाही. बनगरवाडीची माणसं दुष्काळाने उठतात, दरवर्षीच्या फिरतीने नव्हे, हे मान्य. ते दुःख खरंच आहे. पण मेंढपाळाला चालणं हा जगण्याचा जुना मार्ग असतो. मास्तरला मात्र त्यात फक्त रिकामी घरं दिसतात.

विल्फ्रेड थेसिजर यांचं 'अरेबियन सँड्स' (१९५९) शेजारी ठेवून पाहावं. थेसिजर बदूंबरोबर उंटावरून 'रब अल खाली'चं वाळवंट पार करून आले. त्यांच्या पुस्तकात पुढची विहीर किती लांब, चारा कुठे, पाणी किती उरलं, याला महत्त्व आहे. मुक्काम हा तिथे मुक्कामच राहतो. तेल आल्यावर हे जग संपणार, असा विलाप तेही करतात. पण निदान ते आपल्याला चालवतात तरी.

हा दोष मी माडगूळकरांवर ढकलून मोकळा होऊ शकत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, ऑनलाइन अर्जांचा कोड लिहितो. 'कायमचा पत्ता' या रकान्यापुढे लाल चांदणी मीच लावली आहे. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. चाचणी करताना मी शेणव्याचा पत्ता टाकला होता आणि दुसरं काही मनातही आलं नव्हतं. माझाही हजेरीपटच.

आता आमच्या खाचरांत युरियाची गोणी येते. शेजारच्या शेताचे प्लॉट पडले, तारेचं कुंपण आलं. गेल्या हिवाळ्यात वाडा दिसला तो डांबरी रस्त्याच्या कडेने, गाड्यांचे हॉर्न ऐकत जाणारा. आमच्याकडे थांबला नाही. वडील म्हणाले, "यायचे बंद झाले बघ ते." मीही मान हलवली. मग लक्षात आलं, ते आले होते. बोलवायचं आम्ही बंद केलं होतं.

'बनगरवाडी' वाचायलाच हवी. फक्त शेवटच्या पानांवर मास्तरबरोबर उसासा टाकण्याआधी, निघालेल्या माणसांच्या मागे थोडं चालून पाहावं. ते पुस्तक मराठीत अजून मला भेटलेलं नाही.