नसलेल्या मुलाची आई

इजिप्तमध्ये आईबापांना मुलाच्या नावाने हाक मारण्याची रीत आहे. उम्म अहमद म्हणजे अहमदची आई, अबू अहमद म्हणजे अहमदचा बाप. मग जिला मूलच नाही तिला काय म्हणायचे? तिला म्हणतात 'उम्म इल-गायिब', म्हणजे जो अजून आलेला नाही त्याची आई. 'गायब' हा अरबी शब्द मराठीतही मुरला आहे. आपल्याकडे मात्र असलेली वस्तू गायब होते. तिथे जो कधी नव्हताच तो गायब आहे, आणि त्याची वाट पाहणे हीच त्या बाईची ओळख. या हाकेत माया आहे, टोचणीही आहे.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मार्सिया इनहॉर्न यांनी ही हाक गांभीर्याने ऐकली, हे त्यांच्या लेखनाचे पहिले मोल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अलेक्झांड्रियातल्या गरीब स्त्रियांशी बोलून जे टिपले, त्यातून 'क्वेस्ट फॉर कन्सेप्शन' (१९९४) आणि 'इन्फर्टिलिटी अँड पेट्रिआर्की' (१९९६) ही पुस्तके झाली. लोकसंख्या कशी रोखावी या चिंतेत असलेल्या देशात मूल न होणाऱ्यांच्या दुःखाला शासकीय धोरणात फारशी जागा नव्हती.

पहिल्या पुस्तकात 'कब्सा' नावाची एक लोकसमजूत येते. नववधू किंवा बाळंतीण असलेल्या खोलीत विशिष्ट अवस्थेतली व्यक्ती शिरली, तर तिची कूस बंद होते. इथे शिकलेला वाचक हसेल. पण त्याच पुस्तकात डॉक्टर गर्भनलिकांत हवा भरतात, गर्भाशयाचे मुख डागतात. हे उपचार कालबाह्य होते. क्वचित त्यांनीच नवी इजा होई. आता हसायचे कोणाला? लेखिका एका बाजूला अंधश्रद्धा आणि दुसऱ्या बाजूला विज्ञान अशी सोपी वाटणी करत नाही, त्यामुळे पुस्तक आजही टवटवीत वाटते.

'लोकल बेबीज, ग्लोबल सायन्स' (२००३) मध्ये चित्र बदलते. अल-अझहरच्या १९८० च्या फतव्याने नळीतल्या गर्भधारणेला मान्यता दिली होती, मात्र बीज पतिपत्नींचेच हवे, तिसऱ्याचे चालणार नाही, या अटीवर. पुढे १९९० च्या दशकात एकच शुक्रजंतू सुईने बीजांडात सोडण्याचे तंत्र इजिप्तमध्ये आले. दोष पुरुषात असला तरी त्याला स्वतःचे मूल होऊ शकेल, अशी सोय झाली. वर्षानुवर्षे ज्या बायकांनी नवऱ्याचा दोष झाकून लोकांचे बोल सोसले, त्यांचे वय तोवर उलटून गेले होते. दुसऱ्या बाईचे बीजांड वर्ज्य. मग काही नवऱ्यांपुढे तरुण बायको करण्याची वाट मोकळी झाली. तंत्राने दोष पुरुषाचा ठरवला आणि शिक्षा बाईला दिली. ही या संशोधनातली सर्वांत जड गोष्ट आहे, आणि लेखिका ती आवाज न चढवता सांगते.

म्हणूनच 'द न्यू अरब मॅन' (२०१२) वाचताना मी अडखळतो. बायकोवर जीव असलेला, तिच्यासोबत दवाखान्यात ताटकळणारा, तलाक नाकारणारा अरब पुरुष इथे भेटतो. अरब पुरुष म्हणजे जुलमी, चार बायकांचा धनी, या पाश्चात्त्य साच्याला असे उत्तर हवेच होते. पण यातले बरेच पुरुष भेटले ते दवाखान्यांत. बायकोला माहेरी धाडून मोकळा झालेला नवरा तिच्यासोबत तिथे कशाला येईल? ज्याच्याजवळ पैसेच नाहीत तो तरी कसा येईल? या पुरुषांचे प्रेम खरे आहे, त्याबद्दल मला शंका नाही. 'नवा अरब पुरुष' हे नाव मात्र त्या प्रेमाच्या मापापेक्षा सैल शिवले आहे.

दुबईवरच्या २०१५ च्या पुस्तकात भारतीय जोडपीही उपचारांसाठी आलेली दिसतात, त्यामुळे 'त्यांचा' प्रश्न म्हणून हे लेखन बाजूला सारता येत नाही. तरी माझ्या मनात घर करून राहतात त्या अलेक्झांड्रियातल्या बायका. दवाखान्यातली नोंद संपते, पैसे संपतात, वयही संपते. गल्लीत कोणी हाक मारते, 'उम्म इल-गायिब', आणि ती ओ देते. तिने उपचार सोडल्यानंतरच्या वर्षांचे पुस्तक अजून लिहायचे राहिले आहे.