हाताच्या ठशांचे झाड आणि ‘दिवास्वप्न’

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, एखाद्या संस्थेच्या स्वयंसेवी कामात किंवा निव्वळ हौसेने तुमच्यापैकी बरेच जण कधी ना कधी प्राथमिक शाळेच्या वर्गात जाऊन उभे राहतात. सेवा योजनेचे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, सात दिवसांचे विशेष शिबिर असते, आणि त्यातला काही वेळ जवळच्या शाळेत जातो. तिथे काय करायचे हा प्रश्न आला की उत्तर बहुधा ठरलेले असते : मुलांकडून एखादी सोपी कलाकृती करून घेऊ, म्हणजे मजाही येईल आणि वर्गात एकोपाही होईल. या उत्तराचा दुसरा अर्धा भाग आपण या टिपणात तपासणार आहोत. आधी अशा कृतींचे नेहमीचे नमुने पाहू आणि मग गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ हे छोटेसे पुस्तक त्यांच्या शेजारी ठेवून वाचू. मी शिक्षणशास्त्राचा माणूस नाही, अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. त्यामुळे माझी नजर सुटे भाग आणि त्यांचे जोड यांकडे आधी जाते, एवढे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

नेहमीचे नमुने

पहिला नमुना हाताच्या ठशांच्या झाडाचा. बाईंनी किंवा शिबिरातल्या ताईंनी मोठ्या कागदावर खोड आणि फांद्या काढलेल्या असतात. मुले एकेक करून येतात, तळहाताला पोस्टर रंग लावतात, ठसा उमटवतात, खाली नाव लिहितात. ठशांची पाने होतात आणि झाड पूर्ण होते. वर मथळा असतो : ‘आमचा वर्ग, आमचे कुटुंब’.

दुसरा नमुना जोडचित्राचा. कार्डशीटचे तीस तुकडे आधीच कापून ठेवलेले असतात. प्रत्येक मूल आपल्या तुकड्यावर नाव, आवडता प्राणी, आवडता रंग असे काहीबाही काढते. मग तुकडे पुन्हा जोडून भिंतीवर लावतात आणि मुलांना सांगतात, बघा, एक तुकडा नसता तर चित्र अपुरे राहिले असते!

या कृतींना नावे ठेवणे सोपे आहे, म्हणून आधी त्यांचे श्रेय देतो. पहिलीत नुकत्याच आलेल्या सहा वर्षांच्या मुलाला आपला हात शाळेच्या भिंतीवर दिसतो, ही लहान गोष्ट नाही. ज्याचे नाव हजेरीत रोज चुकीचे उच्चारले जाते, त्याने ते स्वतःच्या हाताने लिहिलेले असते. ‘मी इथला आहे’ अशी त्या मुलाची नोंद होते. पण मी इथला आहे आणि माझा शेजारच्याशी काही संबंध आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठशांच्या झाडात पहिली होते. दुसरी झाली असे आपण धरून चालतो.

जोडचित्राकडे जरा कारागिराच्या नजरेने पाहा. दोन तुकडे एकमेकांत नीट बसतात, कारण शिक्षकाने ते एकाच कागदातून कापले होते. मुलाचा हात लागण्यापूर्वीच जोड पक्का झालेला होता. मुलाने आपल्या तुकड्यावर वाघ काढला, फूल काढले किंवा तो कोरा ठेवला, तरी शेजारच्या तुकड्याचे काही बिघडत नाही. इथून पुढे कोणतीही सामूहिक कृती तपासताना मी एकच प्रश्न वापरणार आहे : एकाने आपले काम सोडून दिले, तर दुसऱ्याचे काही अडते का? अडत नसेल, तर तीस मुलांनी एकाच खोलीत तीस वेगवेगळी कामे केली, इतकेच म्हणता येईल.

तिसरा नमुना वारली चित्रांचा. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये कला-समन्वित शिक्षणावर भर आहे, आणि तेव्हापासून देशभरच्या शाळांमध्ये वारली, मधुबनी, गोंड अशा शैलींचे तयार नमुने फिरताना दिसतात. दोन त्रिकोण, एक वर्तुळ, काडीसारखे हातपाय : झाली वारली आकृती. पालघर-डहाणूच्या पाड्यांवर हे चित्र कुठून येते ते पाहिले, तर काय निसटले ते कळते. लग्नाचा चौक घराच्या भिंतीवर सवाष्णी मिळून लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि कुंचला म्हणून चेचलेली बांबूची काडी. तो चौक लग्नविधीचाच भाग असतो. म्हणजे तिथे चित्राची कुणाला तरी गरज आहे, ठरलेल्या दिवशी ते पूर्ण व्हावेच लागते, आणि ते एकटीने करायचे काम नाही. वारली चित्रांत तारप्याचा नाच असतो, तारपावाल्याभोवती एकमेकांना धरून फिरणाऱ्या माणसांचे वेटोळे. गुवाहाटीच्या किंवा कोचीच्या वर्गात मुले तेच वेटोळे आपापल्या वहीत, आपापल्या बाकावर, न बोलता उतरवून काढतात, आणि बाई म्हणतात, हाताची घडी, तोंडावर बोट. शैली पोहोचली. नाच वाटेत कुठेतरी राहिला.

‘दिवास्वप्न’ काय करते

गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) मुळात वकील. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले. ‘दिवास्वप्न’ हे त्यांचे गुजराती पुस्तक गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभीचे. ते हिंदी, इंग्रजी, मराठी अशा अनेक भाषांत मिळते, त्यामुळे तुम्ही देशात कुठेही असलात तरी वाचू शकाल. कथा काल्पनिक आहे. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्राथमिक शाळेचा चौथीचा वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागून घेतो. अधिकारी हो म्हणतो, पण वर्षाच्या शेवटी परीक्षा होईल ही अट ठेवून.

आपल्या विषयासाठी या पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पहिल्या दिवसाचा फजितवाडा. शिक्षक तयारी करून आलेला आहे, माँटेसरी पद्धतीतला शांततेचा खेळ त्याने योजून ठेवला आहे. मुले खेळाची टर उडवतात आणि वर्गात गोंधळ माजतो. आजच्या भाषेत बोलायचे तर ही एक आयती ‘ॲक्टिव्हिटी’ होती. ती चांगली होती, इतरत्र यशस्वीही झाली होती, पण या मुलांच्या दृष्टीने तिला काही कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो, राजाराण्यांची, लांबत जाणारी. वर्ग शांत होतो. मुलांना गोष्टी आवडतात, एवढेच म्हणून इथे पुढे जाऊ नका. ती गोष्ट त्या दिवशी संपत नाही, हे महत्त्वाचे. उद्या काय होणार हा प्रश्न सगळ्यांचा मिळून आहे. कुणाचेही नाव कशावरही लिहिलेले नाही, भिंतीवर काही लावलेले नाही, तरी वर्गाजवळ सामाईक असे काहीतरी आहे आणि ते अपुरे आहे. मला वाटते, या पुस्तकातला वर्ग त्या अपुरेपणाने बांधला जातो.

मग वाचनालय. पाठ्यपुस्तकांवर घरोघर खर्च व्हायचा तो पैसा एकत्र करून गिजुभाईंचा शिक्षक वर्गासाठी गोष्टींची पुस्तके आणतो. याचा साधा हिशेब करून पाहा. तीस मुलांनी एकच पुस्तक घेतले, तर वर्गात तीस प्रती आणि एकच मजकूर. कुणाला कुणाकडे काही मागायचे कारणच नाही. त्याच पैशात तीस वेगळी पुस्तके आली, की ‘तुझे वाचून झाले का?’ हा प्रश्न आपोआप येतो. वर्गातले बोलणे वाढवण्यासाठी वेगळा तास ठेवावा लागत नाही, कारण वस्तूंची मांडणीच बोलायला लावते.

कलेच्या बाजूने पाहिले तर त्या वर्गातले नाटक मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. मुले संवाद पाठ करत नाहीत. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि बोलणे तिथल्या तिथे सुचत जाते. आपला प्रश्न इथे लावून पाहा. एकजण अडखळला, तर समोरच्याला सावरावेच लागते. पाठ केलेल्या नाटकात विसरलेला मुलगा एकटा पडतो आणि पडद्यामागून बाई पुटपुटतात. न पाठ केलेल्या नाटकात तो समोरच्या सोबत्याचा प्रश्न होतो. स्नेहसंमेलनाला हे नाटक तितके चकचकीत दिसणार नाही हे उघड आहे, आणि शाळांना ते परवडत नाही हेही उघड आहे.

पुस्तकाच्या मर्यादा

‘दिवास्वप्न’ शिक्षकांच्या प्रशिक्षणात इतके पूज्य झाले आहे की त्याच्यावर टीका फारशी वाचायला मिळत नाही. विज्ञान-अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला तरी ‘प्रयोग’ हा शब्द खटकायला हवा. इथे प्रयोग करणारा, निरीक्षण करणारा आणि निष्कर्ष काढणारा एकच माणूस आहे, आणि गोष्टही तोच सांगतो. शेजारचे वर्ग आहेत, पण ते तुलनेसाठी नाहीत. ते नाक मुरडणाऱ्या शिक्षकांचे म्हणून येतात. वर्ग मुलग्यांचा आहे. आणि आपल्या विषयाशी थेट भिडणारा आक्षेप असा : सगळे धागे एका माणसाच्या हातात आहेत. गोष्ट तो सांगतो, पुस्तके तो आणतो, भांडण तो मिटवतो. पुस्तक वर्षअखेरीस थांबते. जूनमध्ये ही मुले दुसऱ्या गुरुजींकडे गेली तेव्हा त्यांच्यात काय उरले, हे कादंबरीने विचारायला हवे होते. सात दिवसांच्या शिबिरासाठी जाणाऱ्या तुम्हाला तर हा प्रश्न आठव्या दिवशीच लागू होतो.

याचे एक उत्तर गिजुभाईंच्याच सहकारी ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांच्या पुढच्या कामात दिसते. भावनगरला त्यांच्याबरोबर काम केल्यावर त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने तिथे शक्य नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, दगड हेच साहित्य झाले. मुले शाळेत येत नव्हती, तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. अंगणात बसलेल्या मुलांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही. धाकटे भावंड मांडीवर असते, आजी ओट्यावरून पाहत असते. शिक्षिका उठून गेली तरी ती माणसे तिथेच राहतात. चार भिंतींच्या वर्गाला हे जसेच्या तसे उचलता येणार नाही, पण समूह शून्यातून ‘घडवायचा’ नसून असलेल्याला वाव द्यायचा असतो, ही दिशा ‘दिवास्वप्न’पेक्षा इथे स्पष्ट आहे.

एक घडीचा कागद

माझ्या प्रश्नाला उतरणारी एक साधी कृती सांगतो. एका कागदाच्या आडव्या तीन घड्या घाला. पहिले मूल वरच्या भागात डोके काढते आणि मानेच्या दोन रेषा घडीच्या किंचित खाली आणून थांबते. कागद दुमडून पुढे द्यायचा. दुसऱ्याला डोके दिसत नाही, फक्त त्या दोन रेषा दिसतात. तो तिथून धड काढतो, कमरेच्या रेषा खाली आणतो आणि तिसऱ्याला देतो. कागद उलगडला की बकरीच्या डोक्याखाली पोलिसाचा गणवेश आणि त्याखाली कोंबडीचे पाय निघतात. १९२५ च्या सुमारास पॅरिसमधल्या अतिवास्तववादी कवी-चित्रकारांनी हाच खेळ मोठ्या गांभीर्याने केला होता. दुसरी-तिसरीची मुले तो गांभीर्याशिवाय करतात, आणि मला तरी तेच बरे वाटते.

इथे पहिल्याने दोन रेषा खाली आणल्या नाहीत, तर दुसऱ्याला सुरुवातच करता येत नाही. यंत्राच्या आराखड्यात आपण जोडाची मापे ठरवतो तसे मुलांना आपसात ठरवावे लागते : रेषा किती खाली, किती अंतरावर. भांडणेही होतात. ‘तू मानच एवढी जाड काढलीस’ ही तक्रार म्हणजे दुसऱ्याच्या कामाकडे दिलेले खरेखुरे लक्ष आहे. चित्र कुणाचे, हे सांगता येत नाही. भिंतीवर ते वेडेविद्रे दिसते, म्हणून छायाचित्रासाठी शिबिरांना ठशांचे झाडच आवडते.

आपल्याकडची गोष्टही फार वेगळी नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१७ पासून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रारंभिक कार्यक्रम आणला, त्यात सर्जनशील कलांना जागा आहे. कल्पना चांगली आहे. प्रत्यक्षात मी अठरा वर्षांच्या मुलामुलींना तीच जोडचित्रे रंगवताना पाहिले आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तेच विद्यार्थी आपापल्या भाषेच्या, आपापल्या वसतिगृहाच्या टोळक्यात परतलेले असतात. आमच्या फिटिंग शॉपमध्ये प्रत्येक विद्यार्थी जोडाचे दोन्ही भाग स्वतःच कानशीने घासतो. रोल नंबर बाराने एक भाग आणि तेराने दुसरा केला, तर ती दोघे पहिल्या आठवड्यातच मापांवरून भांडतील, आणि टॉलरन्स म्हणजे काय ते मी फळ्यावर लिहिण्याआधी त्यांना समजलेले असेल.

शाळेत जाताना साहित्याचाही विचार करा. देणगीदार मिळाला की आपण प्रत्येक मुलासाठी वेगळा संच नेतो : एक कात्री, एक खडूपेटी, एक गोंदाची बाटली. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे शेजाऱ्याकडे काही मागण्याची गरज संपते. सहा मुलांत दोन बोथट टोकाच्या कात्र्या ठेवल्या, की कोण आधी आणि कोण नंतर हे त्यांनाच ठरवावे लागते. त्यात दांडगट मूल कात्री बळकावून बसणार नाही आणि एखादी गप्प मुलगी शेवटपर्यंत थांबून राहणार नाही, याकडे मात्र मोठ्या माणसाला डोळा ठेवावा लागतो, आणि हे काम रंग वाटण्यापेक्षा अवघड आहे.

सरावासाठी : ‘दिवास्वप्न’मधला कोणताही एक प्रसंग निवडा. त्यातून शिक्षकाला वजा केले, तर मुलांमध्ये आपसात काय चालू राहील, ते पानभर लिहा. नंतर तुमच्या महाविद्यालयाच्या एखाद्या शिबिरातल्या कलाकृतीलाही हाच प्रश्न विचारा.