तुकडोजी महाराजांच्या भजनांची भाषा

देवरी येथे मराठीचा प्रदेश संपत येतो असे नकाशा सांगतो. प्रत्यक्षात नागपूर-रायपूर महामार्गावरील या गावी झाडीबोली, हिंदी, गोंडी आणि छत्तीसगडी एकाच बाजारात कानी पडतात. अशा सीमाभागातून पाहिले असता राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) हिंदी भजनांचा प्रश्न निराळ्या प्रकारे मांडावा लागतो. पुस्तकी व्याकरणाच्या मापाने त्या हिंदीस उणी ठरविणे सोपे आहे. परंतु ती हिंदी कोणासाठी घडली, हे त्या मापाने कळत नाही.

अमरावती जिल्ह्यातील यावलीचे माणिक बंडोजी इंगळे यांनी पदे स्वतः रचली आणि खंजिरीवर स्वतः गाइली. रचणारा व गाणारा एकच असला म्हणजे भाषेची निवड श्रोत्यांना पाहून होते. बेल्जियमचे झाक ब्रेल (१९२९–१९७८) फ्लेमिश वंशाचे, पण त्यांचे गाणे प्रामुख्याने फ्रेंच. १९६१ च्या ‘मारिएके’ या गीतात त्यांनी दोन्ही भाषा गुंफल्या, तेथे फ्लेमिश येते ती हरपलेल्या प्रेमाची व मातीची ओढ म्हणून. तुकडोजींच्या हिंदीत अशी ओढ शोधू नये. त्यांच्या काळी नागपूर ही मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषकांच्या प्रांताची राजधानी होती. १९४२ च्या अटकेनंतरचा त्यांचा कारावासही नागपूर व रायपूर येथे झाला. हिंदी ही त्यांच्या श्रोतृवर्गाचीच एक भाषा होती.

खंजिरीभजनात मुख्य गायकाची ओळ समुदाय उचलतो. म्हणून वाक्य आखूड, संबोधन थेट आणि क्रियापद बहुधा आज्ञार्थी. हा साचा दोन्ही भाषांत टिकतो. नाममुद्रेत तर ‘म्हणे’च्या जागी ‘कहे’ आले की काम भागते. ‘तुकड्या’ तसाच राहतो, कारण मराठी ‘तुकडा’ हा शब्द हिंदीतही ‘टुकड़ा’ या रूपाने घरचाच. कवीच्या नावालाच भाषांतराची गरज पडू नये, हा योगायोग खरा, पण मोठा बोलका.

या भजनांत उपदेश पुष्कळ आहे आणि तोच तो पुन्हा येतो, हे मान्य केले पाहिजे. छापील पानावर त्यांतील कित्येक पदे फिकी पडतात. ४१ अध्यायांची ‘ग्रामगीता’ वाचनाला उतरते, म्हणून समीक्षक तिच्याकडे सहज वळतो. भजने मात्र मराठी अभ्यासक हिंदी म्हणून आणि हिंदी अभ्यासक मराठी संताची म्हणून बाजूस ठेवण्याचा संभव फार. २००५ पासून नागपूर विद्यापीठ तुकडोजींचे नाव धारण करते व देवरीच्या पदवीधराच्या पदवीपत्रावरही ते छापलेले असते. त्या विद्यापीठाच्या भाषाविभागांनी ही पदे मराठी-हिंदी अशी न विभागता, चालीसह व समुदायाच्या प्रतिसादासह, एकत्र तपासावयास हवीत; आणि ध्वनिमुद्रणाचा आरंभ देवरीसारख्या गावातील भजनी मंडळांपासून करणे सोयीचे होईल.