हलका डेस्कटॉप : गुण आणि दोष

विंडोज १० चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ न पेलणारे शाळेतील संगणक मोडीत काढायचे का? लिनक्सवर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप बसवणे, हा एक पर्याय आहे. ऑलिव्हिए फुरदाँ यांनी १९९६ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प मुक्त आहे.

त्याची घडण सुटी आहे. पॅनेल, खिडक्यांची चौकट आणि फायली दाखवणारा थुनार हे वेगवेगळे प्रोग्रॅम. पॅनेल बंद केले तरी उघडी खिडकी तशीच राहते. विद्यार्थ्यांना हे जरूर करून दाखवावे.

दोषाचे मूळही याच सुटेपणात आहे. चौकटीचे रूप एका ठिकाणी बदलायचे, आतल्या बटणांचे दुसऱ्या, तर सावल्यांची सोय तिसऱ्याच ठिकाणी! नवखा माणूस गोंधळणारच.

शिवाय ‘हलका’ हे विशेषण डेस्कटॉपपुरतेच खरे. ब्राउझरमध्ये जड पाने उघडली, की वाचलेली मेमरी तिथे खर्च होते.

म्हणून नुसते रंग बदलून थांबू नये. सावल्या बंद करण्यापूर्वी आणि नंतर किती मेमरी लागते, हे विद्यार्थ्यांना मोजू द्यावे. फरक नगण्य निघाला, तर तेही वहीत नोंदवावे.