नावेचे नाव

मराठीत ‘नाव’ हा शब्द दोन अर्थांनी येतो. ती नाव आणि ते नाव. संस्कृतातील दोन निराळ्या मुळांचे हे शब्द मराठीने एकाच उच्चारात आणून बसवले. नावेच्या अंगावर रंगवलेले नाव हा साहित्याचा एक चिमुकला प्रकार मानला, तर त्याचे एक वैशिष्ट्य चटकन ध्यानी येते. ज्याने ते लिहवून घेतले, त्याला प्रवासात ते दिसत नाही. नाळेवरची आणि पिछाडीवरची अक्षरे वाचतो तो किनाऱ्यावर उरलेला माणूस, नाहीतर शेजारून जाणारे जहाज. तेव्हा नाव हे इतरांशी बोलणे आहे. काय बोलावे, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

एकट्याने, कोठेही न थांबता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची पहिली शर्यत लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने १९६८ साली जाहीर केली. नऊ जण निघाले, एकच परतला. त्यातील तीन नावे आम्ही येथे वाचू इच्छितो.

पहिले ‘सुहैली’. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ही बत्तीस फुटी सागवानी नौका मुंबईत बांधली गेली आणि १९६४ साली पाण्यात उतरली. अरबी आखातातील खलाशी आग्नेयेकडच्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. अरबीत सुहैल हे ताऱ्याचेही नाव आहे, आणि तो तारा म्हणजे आपला अगस्त्य. समुद्र पिऊन टाकणाऱ्या ऋषीची आठवण नॉक्स-जॉन्स्टन यांना नसेल. मुंबईच्या वाचकाला ती होणारच. या नावात मालकाचा मीपणा नाही, हा त्याचा मोठा गुण. रेडिओ बंद पडल्याने कित्येक महिने या माणसाचा ठावठिकाणा नव्हता. एप्रिल १९६९मध्ये एका तेलवाहू जहाजाला त्यांनी दिव्याच्या उघडझापीने नौकेचे नाव कळवले, तेव्हा घरच्यांना ते जिवंत असल्याचे समजले. एवढे ओझे त्या तीन अक्षरांनी वाहिले.

दुसरे ‘जोशुआ’. बर्नार मोइतेसिए या फ्रेंच दर्यावर्दीने हे नाव जोशुआ स्लोकम याच्यावरून घेतले. स्लोकम हा एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला मनुष्य (१८९५–९८). पुढे तो समुद्रातच नाहीसा झाला. बेपत्ता झालेल्याचे नाव स्वतःच्या नौकेवर रंगवायला छाती लागते. मोइतेसिए जिंकण्याच्या बेतात असताना शर्यत सोडून पुढेच निघून गेला, आणि जाताना, आपण समुद्रावर सुखी आहोत व कदाचित आत्मा वाचवण्यासाठी हे करत आहोत, अशा आशयाची चिठ्ठी गलोलीने एका जहाजावर भिरकावली. हिब्रूत यहोशवा आणि येशू ही मुळात एकच नावे. पण त्या दिशेने अर्थ ताणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

तिसरे नाव वाचताना मन जड होते. डोनाल्ड क्रोहर्स्टच्या नौकेवर ‘टिनमथ इलेक्ट्रॉन’ अशी अक्षरे होती. पहिला शब्द प्रसिद्धी हवी असलेल्या किनारी गावाचा, दुसरा त्याच्या डबघाईला आलेल्या व्यवसायाचा. मोहीम फसली तर नौका विकत घेण्याचा बोजाही त्याच्याच माथी होता. नौका दक्षिण समुद्रात टिकणार नाही हे कळल्यावर त्याला परत फिरता येईना, पुढेही जाता येईना. अटलांटिकमध्येच राहून तो खोटी स्थाने कळवत राहिला. १० जुलै १९६९ रोजी नौका रिकामी सापडली. ‘नावाने घात केला’ असे लिहिणे सोपे आहे, आणि खोटे आहे. घात कर्जाने आणि भीतीने केला. परंतु त्या नावात त्याला स्वतःला उभे राहायला जागाच नव्हती, एवढे टीकाकाराने म्हटलेच पाहिजे. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

जाहिरातीचे नाव म्हणजे अपयश, असा नियम मात्र निघत नाही. अभिलाष टॉमी यांनी ‘सुहैली’च्या धर्तीवर गोव्यात नौका बांधवून घेतली आणि तिला उपनिषदांतील ‘तुरीया’ हे उदात्त नाव दिले. सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरात तिची डोलकाठी मोडली, ते जबर जखमी झाले. पुढच्या खेपेस नौकेवर पुरस्कर्त्या कंपनीचे ‘बयानात’ हे नाव होते, आणि २०२३ साली ते दुसरे आले. वाङ्मयीन दृष्ट्या पहिलेच नाव श्रेष्ठ. समुद्र वाङ्मय वाचत नाही.

आपल्या वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर बोटींच्या अंगावर पवित्र मरियेची आणि संतांची नावे दिसतात. नावेला असा जणू स्नानसंस्कार होतो, हे आम्हांस प्रिय आहे. मात्र ख्रिस्ती माणसाच्या बोटीला दुसरे नाव शोभतच नाही, असा आग्रह कोणी धरील, तर त्याने ‘प्रेषितांची कृत्ये’ काढावे. संत पौल ज्या जहाजात बुडता बुडता वाचला, त्याचे नाव लूक देत नाही. माल्टाहून पुढे नेणाऱ्या जहाजाचे चिन्ह तो आवर्जून नोंदवतो (२८:११): कॅस्टर आणि पोलक्स, खलाशांचे जुळे विधर्मी देव. त्यावर टीकेचा एक शब्दही न लिहिता लूक पुढच्या बंदराकडे वळतो.